भाच्याने डोकं भादरलं, गॅलिस लावले, बूट चढवले. काळजी करावी का?

थोरला_मामा

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण इथे गाण्याबजावण्यातले आणि परदेशात हयात घालवलेले असे दोन्ही प्रकारचे लोक आहेत, म्हणून इथेच विचारतो.

धाकट्या बहिणीचा मुलगा, वय वीस, शिकायला लीड्सला आहे. जाताना मानेपर्यंत केस होते. परवा व्हिडिओ कॉलवर आला तर डोक्यावरून पार मशीन फिरलेलं. बारीक चौकटीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. जीन्स घोट्याच्या वर दुमडलेली, खाली नडगीपर्यंत चढणारे तांबडे बूट आणि त्यांना लालभडक नाड्या. वर चक्क गॅलिस, म्हणजे पँट धरून ठेवणारे खांद्यावरचे पट्टे! आमच्या आजोबांनंतर घरात गॅलिस लावलेला माणूस मी पाहिला नव्हता. मला तर हसू आलं.

पण बहिणीच्या नणंदेची मुलगी जर्मनीत असते. तिने फोटो पाहून कळवलं की हा स्किनहेडचा वेश आहे, नवनाझी घालतात, आणि लाल नाड्या म्हणजे रक्त सांडल्याची खूण. तेव्हापासून बहिणीच्या घशाखाली घास उतरत नाही. मेहुणे काही बोलत नाहीत, नुसते माझ्याकडे बघतात. पोराला गाण्याचं वेड मी लावलं हा त्यांचा जुना आरोप आहे.

सावळा मराठी मुलगा नाझी कसा होईल हे माझ्या डोक्यात शिरत नाही. पण कपड्यांवरून गैरसमज होऊन तिकडे कोणी त्याला बडवला तर? आणि दुसरं म्हणजे, गाण्याचा न् बुटांचा संबंध काय? आम्हीही जन्मभर गाणी ऐकली. आवडतं गाणं बदललं म्हणून कधी चपला बदलल्या नाहीत.

त्याला विचारलं तर म्हणतो, ‘‘मामा, हे १९६९ आहे.’’ एवढंच. म्हणजे काय?

उंटावरचा_शहाणा

म्हणजे अर्धं शतक उशिरा पोचलाय. मधे कुठे थांबा होता का? (हलके घ्या.) वाचतोय.

काजबटण

मामा, आधी बहिणीला जेवायला बसवा, मग हे वाचा. लांबणार आहे.

मी कॉव्हेंट्रीत कपडे अल्टर करून देते. अठरा वर्षं झाली. इथे हा वेश मला इतका परिचयाचा आहे की समोर भादरलेलं डोकं आलं की मी आधी कंबर बघते, कारण काम बहुतेक तिथलंच असतं. वयं वाढली, पँटी तेवढ्याच राहिल्या.

पहिल्या वर्षी मात्र घाबरले होते. दुकानात एकटी होते. पन्नाशीचा एक माणूस आला, तुळतुळीत डोकं, मानेवर गोंदलेलं, पायात तुम्ही म्हणता तसले बूट. माझा हात खडू सोडून कात्रीकडे गेला होता, खोटं कशाला बोलू. त्याने पातळ कागदात गुंडाळलेली पँट काढली. मोहेरचं, म्हणजे बकरीच्या चमकदार लोकरीचं कापड. उजेडात धरली तर हिरवट, जरा तिरकी केली की तांबूस. आपण धूपछाव म्हणतो ना, अगदी तेच : ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. इथे त्याला टॉनिक म्हणतात, किंवा टू-टोन. हा दुसरा शब्द लक्षात ठेवा.

कंबर दोन इंच सोडायची होती. मी सोडली. आणि मोहरी (पँटची पायाशी येणारी कड) आखूड दिसली म्हणून, गिऱ्हाईक खूश होईल म्हणून, आतली दुमड उसवून तीही खाली सोडली. न विचारता! शनिवारी संध्याकाळी तो न्यायला आला, पँट घातली आणि आरशासमोर गप्पच झाला. बूट झाकले गेले होते. त्याच रात्री त्याला कार्यक्रमाला जायचं होतं. मग मी गल्ल्याशेजारी बसून हाताने तुरपाई घातली आणि तो अंडरपँटवर कोट लटकवून स्टुलावर बसून मला समजावत राहिला की ही मोहरी आखूड का असते. तुमच्या भाच्याचं १९६९ मला त्या स्टुलावरून कळलं. पुढचं बरंचसं मी नंतर वाचलं, रेकॉर्डी ऐकल्या.

तर असं. १९४८ साली एम्पायर विंडरश बोटीतून कॅरिबियन बेटांवरचे लोक इंग्लंडला उतरले, पुढे वर्षानुवर्षं येत राहिले. त्यांच्याबरोबर जमैकाची गाणी आली, साठच्या दशकात स्का, मग रॉकस्टेडी, मग रेगे. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली टग्या पोरं स्वतःला रूड बॉय म्हणवत. अरुंद सूट, बारीक टाय, बसकी हॅट आणि आखूड पँट. खिशात दमडी नसली तरी इस्त्री कडक. इथल्या गोऱ्या कामगारांची पोरं त्याच गल्ल्यांत राहत, त्याच कारखान्यांत जात. त्यांच्यात तेव्हा मॉड होते : इटालियन बेताचे सूट, स्कूटर, आणि सुटाला ग्रीस लागू नये म्हणून वरून पार्का, म्हणजे टोपीवाला लांब लष्करी कोट. साठच्या दशकाच्या शेवटी शेवटी मॉडांतले पैसेवाले मखमल आणि लांब केसांकडे गेले. उरलेल्यांनी केस आणखी कापले. मशीनवर काम करणाऱ्याला लांब केस परवडत नाहीत, हिप्पींचा रागही होता. शनिवारी ही पोरं जमैकन शेजाऱ्यांच्या गाण्यांवर नाचायला जात. हे पहिले स्किनहेड.

१९६८ साली ट्रोजन रेकॉर्ड्स निघाली, तिने ही गाणी स्वस्त तबकड्यांवर आणली. १९६९ च्या एप्रिलमध्ये जमैकन गायक डेस्मंड डेकरचं ‘इझ्रायलाइट्स’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. सिमारिप नावाच्या बँडने तर थेट ‘स्किनहेड मूनस्टॉम्प’ म्हणून गाणं केलं. बँडमधले सगळे कॅरिबियन मुळाचे, आणि गाणं भादरलेल्या डोक्याच्या गोऱ्या पोरांसाठी!

आता गाणं आणि बूट. स्काचा ठेका ऐका. आपण टाळी देतो तिथे गिटार गप्प. दोन टाळ्यांच्या मधोमध ती ‘चक्’ करून वाजते. त्यामुळे अंग आपोआप उसळतं आणि पाय जमिनीवर आपटतो. आपटायला जड बूट हवा, आणि आपटलेला बूट दिसायला मोहरी वर हवी. माझ्या गिऱ्हाइकाचं म्हणणं एवढंच होतं. बूट डॉक्टर मार्टेन्सचा. तळव्यातली हवेची गादी एका जर्मन डॉक्टरची कल्पना, घोटा दुखावल्यावर स्वतःसाठी केलेली. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या ग्रिग्ज कंपनीने तो इकडे बनवला, १ एप्रिल १९६० ला, म्हणून मॉडेलचं नाव १४६०. आठ भोकं, पिवळ्या दोऱ्याची टीप. पोस्टमन आणि कारखान्यातले लोक वापरायचे. म्हणजे बापाचा कामाचा बूट पोराने पॉलिश मारून नाचायला नेला.

तुम्ही म्हणता गाणं बदललं म्हणून चपला बदलल्या नाहीत. बरोबर आहे, पण तुम्हाला गर्दीत आपला माणूस ओळखायची गरज पडली नसेल. ही पोरं आठवडाभर फोरमनने दिलेल्या कपड्यांत असायची. शनिवारचे कपडे त्यांनी स्वतः ठरवलेले, आणि त्याचे नियम आमच्या मास्तरांपेक्षा कडक : गॅलिस किती रुंद, कॉलरला मागे बटण आहे की नाही. हे त्यांच्याही आधी टेडी बॉइजनी केलं होतं. महायुद्धानंतर लंडनच्या सॅव्हिल रोमधल्या उंची शिंप्यांनी एडवर्ड राजाच्या काळातला लांब कोट श्रीमंतांसाठी पुन्हा काढला. तो उचलला दक्षिण लंडनच्या गरीब पोरांनी, हप्ते भरून शिवून घेतला आणि त्यावर रॉक अँड रोल नाचले. ज्यांच्यासाठी बेतला होता त्यांनी मग तो घालणं सोडलं. शिंपी म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. (अवांतर : पंक संगीतवाली गिऱ्हाइकं सगळ्यात कटकटी. फाटलेली पँट ‘नीट फाडून’ द्या म्हणतात. भोक वाढता कामा नये आणि शिवण दिसता कामा नये!)

नाझी कुठून आले? सत्तरच्या दशकात. काम नव्हतं, आणि नॅशनल फ्रंट हा गोऱ्यांचा पक्ष फुटबॉलच्या मैदानांवर आणि गाण्यांच्या कार्यक्रमांत पोरं जमवायला लागला. भादरलेलं डोकं त्यांना आयतंच मिळालं. त्याला जोरदार उत्तर आमच्या गावातूनच गेलं. १९७९ साली जेरी डॅमर्सने कॉव्हेंट्रीत टू-टोन रेकॉर्ड्स काढली. आला का शब्द? बँडमध्ये काळे-गोरे एकत्र, लेबलवर काळ्यापांढऱ्या चौकटी आणि काळ्या सुटातलं, बसक्या हॅटचं, पांढऱ्या मोज्यांचं एक चित्र. ते चित्र जमैकन गायक पीटर टॉशच्या तरुणपणच्या फोटोवरून काढलेलं. त्यांच्यातल्या द सिलेक्टर बँडची पॉलीन ब्लॅक पुरुषी सूट आणि हॅट घालून गायची. तिचे जुने व्हिडिओ बघा, खांद्याची शिलाई बघण्यासारखी आहे. डॅमर्सच्याच द स्पेशल्स बँडने ‘अ मेसेज टू यू, रूडी’ गायलं तेव्हा ट्रॉम्बोन वाजवायला रिको रॉड्रिग्ज होता, १९६७ च्या मूळ रेकॉर्डवर वाजवणारा तोच माणूस.

नाड्यांचं म्हणाल तर त्याचा कुठे छापील कोश नाही. एका गावात लाल म्हणजे नवनाझी, दुसऱ्यात लाल म्हणजे डावा, तिसऱ्यात फुटबॉल क्लबचा रंग. पण जर्मनीच्या ताई अगदीच चूक नाहीत, तिकडे तो अर्थ लोकांना माहीत आहे. भाच्याला म्हणावं काळ्या घाल. आणि कपड्यांवरून ओळखता येत नाही म्हणून तर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या वंशवादविरोधी स्किनहेडांनी शार्प नावाने संघटना काढली. त्यांच्या बिल्ल्यावर पुढे ट्रोजन रेकॉर्ड्सच्या चिन्हातलंच शिरस्त्राण आलं. बिल्ला दिसला की समजायचं, हा आपल्यातला.

उंटावरचा_शहाणा

दंडवत. माझी कोटी मागे घेतो.

दुसरी_पाळी

काजबटण ताई, प्रतिसाद आवडला. पण १९६९ इतकं सोवळं नव्हतं.

मी १९७५ ला आलो, पश्चिम लंडनमध्ये, साउथॉलजवळ. कारखान्यात दुसऱ्या पाळीला. रात्री दहानंतर शेवटच्या बसने यायचं. आमच्यात नियम होता, बसच्या वरच्या मजल्यावर बसायचं नाही. खाली बसलं की चढणाऱ्यांचे बूट दिसत, वर गेलात की खाली उतरायची वाट बंद. हे मला येऊन महिना झालेल्या माणसांनी नाही, साठच्या दशकापासून राहिलेल्यांनी शिकवलं.

जी पोरं १९६९ ला जमैकन गाण्यांवर नाचत होती, त्यांतलीच काही आपल्या लोकांना मारत होती. १९७० च्या एप्रिलमध्ये पूर्व लंडनमध्ये तोसीर अलीचा खून झाला. आशियाई माणूस गाठून मारायचा, त्याला ‘पाकी-बॅशिंग’ हा शब्द त्याच सुमारास पेपरात आला. नॅशनल फ्रंटने पोरं बिघडवली हे खरं, पण त्याआधी ती काही देवळातून येत नव्हती. जमैकन माणूस त्यांना ऐटबाज वाटायचा, कारण त्याचं गाणं हवं होतं. आमच्याकडून काय हवं होतं? आम्ही बावळट कपड्यातले, भाषा तोडकी, डब्यातल्या वासाचे.

४ जून १९७६ ला गुरदीप सिंग चग्गरला साउथॉलमध्ये भोसकलं. अठरा वर्षांचा होता. त्यानंतर तिथल्या पोरांनी साउथॉल यूथ मूव्हमेंट उभी केली, आणि मग आमच्या पाळीची माणसं वरच्या मजल्यावर बसायला लागली.

३ जुलै १९८१. हॅम्बरो टॅव्हर्न नावाच्या पबमध्ये ‘ऑय’ बँडांचा (स्किनहेडांत चालणारा पंकचा एक प्रकार) कार्यक्रम होता. बसगाड्या भरून स्किनहेड आले. वाटेत दुकानांच्या काचा फुटल्या. संध्याकाळी आशियाई पोरं शेकड्यांनी जमली आणि पब जळाला. मी तेव्हा पाळीवर होतो, परतताना वास आला.

न्यायाने हेही सांगतो. ३० एप्रिल १९७८ ला रॉक अगेन्स्ट रेसिझम या वंशवादविरोधी चळवळीच्या मोर्चाबरोबर मी व्हिक्टोरिया पार्कपर्यंत चालत गेलो होतो. तिथे द क्लॅश, स्टील पल्स हे बँड वाजवत होते. एक अक्षर कळलं नाही, कानठळ्या बसल्या. पण अंगभर टाचण्या टोचलेली, हिरव्या केसांची एक पोरगी पाण्याची बाटली देऊन गेली. तिचे कपडेही मला तोवर भीतीदायकच वाटायचे.

मामा, भाच्याला बडवतील असं आज मला वाटत नाही. पण माझ्या वयाचा कोणी आपला माणूस बसमध्ये त्याच्या शेजारून उठून गेला, तर त्याने वाईट वाटून घेऊ नये.

काजबटण

काका, मान्य. मी स्टुलावर बसलेल्याने सांगितलं तेवढं आणि वर वाचलेलं लिहिलं. त्याने सांगितलं नाही ते राहिलं.

खरं तर मी एकदा विचारलं होतं. तिसऱ्या का चौथ्या वेळी, जॅकेटचं अस्तर बदलायला आला तेव्हा. म्हटलं, तुम्हीही मारायचा का आमच्या लोकांना? तो म्हणाला, ‘‘मी हात लावला नाही. शेजारी उभा होतो.’’ त्यावर मला काही सुचलं नाही. बाहीचं माप घेत होते, ते पुरं केलं. जॅकेट शिवून दिलं. अजून येतो. मी अजून काम घेते. बरोबर की चूक मला ठरवता आलेलं नाही, तुम्ही काय केलं असतं ते सांगा.

दुसरी_पाळी

शिवून दिलं असतं. पैसे आधी घेतले असते.

काळा_टीशर्ट

बाकी मोठं चाललंय, पण मामांच्या ‘गाण्याचा न् बुटांचा संबंध काय’ला आमच्या हेवी मेटलवाल्यांची एक भर. काळं चामडं, पितळी खिळे, साखळ्या हे सगळं जूडास प्रीस्ट बँडचा गायक रॉब हॅलफर्डने सत्तरच्या दशकाच्या शेवटी मंचावर आणलं. ते त्याने उचललं समलिंगी पुरुषांच्या चामडी पोशाखांच्या दुकानांतून. पुढची वीस वर्षं जगभरची मिशाळ पोरं तो मर्दानी वेश म्हणून घालत राहिली, मीसुद्धा. हॅलफर्डने १९९८ साली उघडपणे सांगितलं की तो स्वतः समलिंगी आहे. आमच्या टोळक्यात दोघांनी त्या दिवशी मनगटावरचे पट्टे काढले. महिन्याभरात परत घातले, कारण पट्ट्याशिवाय हात उघडे वाटायला लागले.

आणि वेश बघून अर्थ सांगणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका. १९९२ साली न्यूयॉर्क टाइम्सने ग्रंज नावाचं रॉक संगीत ऐकणाऱ्या पोरांची ‘खास बोली’ छापली होती. आधी सब पॉप या ग्रंजच्या रेकॉर्ड कंपनीत असलेल्या एका बाईंनी फोनवर सुचतील तसे शब्द ठोकून दिले होते. एकही खरा नव्हता!

थोरला_मामा

मंडळी, काय बोलू. दोन दिवसांत तिनदा वाचलं, बहिणीलाही वाचून दाखवलं. जेवली. दुसरी_पाळी काकांचा प्रतिसाद मात्र तिला वाचून दाखवताना मधेच थांबलो, तो मी भाच्याला पाठवला.

काल रात्री त्याचा फोन आला. नाड्यांचा उलगडा आधी : बूट जुने घेतलेत, नाड्या त्यातच होत्या. ताईंचं सांगितलं, बदलतो म्हणाला. बाकीचं असं की त्याला कॉलेजातल्या एका स्का बँडने घेतलंय, ऑर्गन वाजवायला. हार्मोनियमवर बोटं मी बसवली होती (मेहुणे, वाचताय ना?). त्या ‘चक्’च्या जागी याने सूर द्यायचे असतात आणि पहिले तीन आठवडे हा समेवरच पडत होता, पोरं हसायची. कपडे बँडने ठरवले. डोकं भादरा असं कोणी म्हटलं नव्हतं, ते आमच्या चिरंजीवांनी आपल्या मनाने केलं.

काकांचं वाचलं का विचारलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, साउथॉलचं यांतलं कुणीच सांगितलं नव्हतं, बँडमधली पोरं फक्त कॉव्हेंट्रीचं बोलतात. आता त्यांना विचारणार आहे. केस वाढवणार का, यावर म्हणाला बघू. मीही जोर केला नाही.

ताई, एक काम आहे. मंचासाठी त्याने जुना सूट घेतलाय, धूपछावच आहे म्हणतो, निळा-तपकिरी. पँट चार बोटं लांब आहे. स्वतःच दुमड घालणार आहे. किती ठेवायची?

काजबटण

कापू नका! जास्तीचं कापड आत दुमडून ठेवायला सांगा, पुढच्या गिऱ्हाइकाला लागेल. इस्त्री मधे सुती फडकं घालून, नाहीतर मोहेरला चकाकी येते आणि ती जात नाही.

सुटाखाली तो बूट घालणार की लोफर, ते आधी विचारा. लोफर असेल तर पांढरा मोजा दोन बोटं दिसेल इतकी. बूट असेल तर वरची तीन भोकं उघडी. माप घेताना पायात तोच बूट हवा, गॅलिस लावलेले हवेत, आणि त्याने खाली वाकून बघायचं नाही. वाकला की मोहरी दीड इंच खाली येते. दुसऱ्या कोणाला तरी खडू धरायला सांगा.